भिंतीवरचा नकाशा आधी जमिनीवर उतरवा : प्राथमिक भूगोलावरील प्रश्नोत्तरे

या वेळी केवळ प्राथमिक वर्गांतील भूगोलाच्या अध्यापनाविषयीचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच अडचण दिसली: कागदावरची खूण आणि बाहेरची जमीन यांची मुलांच्या मनात गाठच पडलेली नसते. त्यामुळे उत्तरांत साहित्य, मापे आणि नेमके कुठे चुकते यांवर भर दिला आहे.

प्रश्न : "उत्तर दिशा दाखवा" म्हटले की माझ्या वर्गातील अर्धी मुले छताकडे बोट करतात. नकाशावर मात्र हीच मुले दिशा बिनचूक सांगतात. असे का होते?

नकाशा कायम भिंतीवर उभा टांगलेला असतो आणि "वरची बाजू उत्तर" हे वाक्य मुलांनी पहिल्याच दिवशी पाठ केलेले असते. भिंतीवर वर म्हणजे छत. मुलांनी ऐकले तेच केले, त्यांचे चुकले नाही. याच समजुतीचे दुसरे रूप पुढे भेटते: नद्या नेहमी नकाशात "खाली", म्हणजे दक्षिणेकडेच वाहतात असे मुलांना वाटते. मग उत्तरेकडे वाहणारी नाईल किंवा लीना नदी त्यांना डोंगर चढणारी वाटते.

उपाय सोपा आहे. पहिले काही आठवडे नकाशा भिंतीवर लावूच नका. तो जमिनीवर अंथरा आणि त्याची उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे येईल असा फिरवा. मुलांना भोवती गोल बसवा. काहींना अक्षरे उलटी दिसतील, दिसू द्या. नकाशा जमिनीचा असतो आणि तो कोणत्याही बाजूने पाहता येतो, हे त्या उलट्या अक्षरांतूनच कळते. नकाशा पुन्हा भिंतीवर लावताना शक्यतो उत्तरेकडच्या भिंतीवर लावा. म्हणजे नकाशातील उजवी बाजू आणि वर्गातील पूर्व एकाच अंगाला येतात.

खरी उत्तर शोधण्यासाठी "उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा" ही रीत अंदाजापुरती ठीक आहे, पण सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. इतर दिवशी तो बाजूला सरकतो. जून आणि डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत हा फरक विषुववृत्तावरही सुमारे साडेतेवीस अंशांचा असतो, आणि विषुववृत्तापासून दूर जावे तसा वाढतो. म्हणून मैदानात काठी रोवून सावलीवरून दिशा काढा. ही रीत जुनी आहे, यज्ञवेदींच्या मापनावरील कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथातही ती दिलेली आहे.

सपाट जागी साधारण ५० सेंमी उंचीची सरळ काठी रोवा. ती उभी आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करा. काठीच्या बुंध्याला दोरीचा सैल फास घालून, खुणेपर्यंतचे अंतर ही त्रिज्या धरून वर्तुळ काढा. सावली आखडत जाईल आणि दुपारनंतर पुन्हा लांबत येऊन तिचे टोक वर्तुळाला दुसऱ्या बाजूने टेकेल. तिथे दुसरी खूण करा. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिच्या मध्यबिंदूपासून काठीच्या बुंध्यापर्यंतची रेषा उत्तर-दक्षिण.

बिघडते ते तीन ठिकाणी. काठी कललेली असली तर सगळेच चुकते. सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीचे टोक पुसट दिसते. काठी लांब असेल तर ते आणखी पुसट होते, म्हणून मीटरभर लांबीच्या काठीचा हट्ट धरू नका. टोकावर एक मणी बसवला की खूण करणे सोपे जाते. तिसरी चूक घड्याळाची. बरोबर बारा वाजता सावली सर्वांत आखूड असेल असे गृहीत धरून कित्येक जण एकच खूण करतात. घड्याळ देशाच्या प्रमाणवेळेनुसार चालते. ती ज्या रेखावृत्तावरून ठरते त्या प्रमाण रेखावृत्तापासून दर अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे स्थानिक मध्यान्ह अर्धा तास मागेपुढे असणे अगदी साधारण आहे. मुलांना सूर्याकडे थेट पाहू देऊ नका. या कृतीत सगळे काम जमिनीकडे पाहूनच होते.

ही उत्तर-दक्षिण रेषा मैदानात रंगाने पक्की करून ठेवा, वर्षभर कामी येते.

प्रश्न : सुई चुंबकाने घासून होकायंत्र केले, पण दोन गटांच्या सुया नेमक्या उलट दिशा दाखवू लागल्या. एका गटाची सुई तर फिरलीच नाही.

सुई घासताना चुंबकाचे एकच टोक वापरायचे आणि एकाच दिशेने, ३० ते ४० वेळा घासायचे. परत येताना चुंबक उचलून आणायचा. जिथे घासणे संपते त्या टोकाला चुंबकाच्या टोकाच्या विरुद्ध ध्रुव येतो. एका गटाने चुंबकाचे उत्तर टोक वापरले, दुसऱ्याने दक्षिण, किंवा एकाने नेढ्याकडे घासले आणि दुसऱ्याने अणीकडे, की सुया उलट होणारच. यात बिघाड काही नाही. सावलीने काढलेल्या रेषेवर दोन्ही सुया ताडून पाहा आणि उत्तरेकडच्या टोकाला रंग लावा.

न फिरणारी सुई बहुधा मागेपुढे घासली गेली असेल. काही गंजरोधक पोलादाच्या सुयांना चुंबकत्व येतच नाही. त्या चुंबकाला चिकटतात का ते आधी पाहावे. सुई बुचाच्या पातळ चकतीवर ठेवून पाण्यात तरंगवा, पण भांडे प्लॅस्टिकचे घ्या आणि लोखंडी पायांच्या बाकावर ठेवू नका. जवळचा मोबाइलही सुई भरकटवतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत थोडा फरक असतो, आणि तो ठिकाणाप्रमाणे बदलतो. या वयात तो शिकवायची गरज नाही. फक्त "सुई अगदी बरोबर उत्तर दाखवते" असे ठाम विधान टाळा, पुढच्या इयत्तेत ते खोडावे लागते.

प्रश्न : तिसरीच्या मुलांकडून वर्गाचा आराखडा काढून घेते. खुर्चीला चार पाय आणि पाठ काढतात, टेबल खोलीपेक्षा मोठे होते. प्रमाण कसे समजवावे?

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकदम मागितल्या जातात: वरून पाहणे आणि लहान करून काढणे. त्या वेगळ्या दिवशी शिकवा.

पहिल्या दिवशी फक्त वरून पाहणे. डबा, पाण्याची बाटली, पेला, खोडरबर अशा वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलने त्यांच्या कडेने रेघ ओढायची. वस्तू उचलली की कागदावर जे उरते तो तिचा आराखडा. त्यानंतर बाटलीवर डोळा आणून नेमके वरून पाहायला सांगा. मोठ्या वर्तुळाच्या आत झाकणाचे लहान वर्तुळ दिसते. बाटलीची उंची कागदावरून कुठे गेली, हा प्रश्न मुलांनाच विचारा आणि त्यांना वेळ द्या. खुर्चीचे पाय का दिसत नाहीत, याचे उत्तर मग तीच देतात. मुलांना बाकावर चढवून खाली पाहायला लावणे धोक्याचे आहे. त्याऐवजी खेळण्यातली खुर्ची जमिनीवर ठेवा.

प्रमाणासाठी भागाकार नको, गाठींची दोरी घ्या. न ताणली जाणारी सुती दोरी, साधारण ६ मीटर लांब, दर ५० सेंमीवर एक गाठ. कागद १ सेंमी चौकटींचा. नियम एकच: दोन गाठींमधले एक अंतर म्हणजे एक चौकट. खोली ६ मीटर बाय ५ मीटर असेल तर दोरीवर १२ आणि १० अंतरे भरतात, म्हणून कागदावर १२ चौकटी लांब आणि १० चौकटी रुंद आयत येतो. १:५० हे प्रमाण मुलांच्या हातून झालेले असते, नाव नंतर सांगता येते. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि दोन गटांची मापे जुळत नाहीत, एवढे पाहा. गाठ मारताना दोरी आखडते, त्यामुळे गाठी मारून झाल्यावर अंतरे पट्टीने पुन्हा तपासावी लागतात. आधी खुणा करून मग गाठी मारल्या तर शेवटची गाठ बरीच अलीकडे येते.

टेबल थेट कागदावर काढू नये. १२० सेंमी बाय ६० सेंमीचे टेबल म्हणजे जवळपास अडीच चौकटी बाय सव्वा चौकट. तेवढा रंगीत कागद कापून घ्यायचा आणि चिकटवण्याआधी आराखड्यावर सरकवून जागा ठरवायची. जागा ठरवताना मुले एकाच भिंतीपासून अंतर मोजतात आणि टेबल भलतीकडे जाते. लागून असलेल्या दोन भिंतींपासून मोजायची सवय इथेच लावा. पुढे चौकटींवरून ठिकाण शोधणे, आणि त्याही पुढे अक्षवृत्ते-रेखावृत्ते, याच सवयीवर उभी राहतात.

टेबल खोलीपेक्षा मोठे काढणारे मूल प्रमाण विसरलेले असते असे नाही. त्याला जे महत्त्वाचे वाटते ते ते मोठे काढते. त्या चित्रावर लाल फुली मारू नये. दोरीने टेबल मोजून आणायला सांगावे, दुरुस्ती दोरी करते.

आराखडा झाल्यावर एक काम नक्की करा. मुले बाहेर असताना एक चिठ्ठी वर्गात लपवा, आराखड्यावर तिथे फुली करा आणि एका मुलाच्या हाती आराखडा देऊन शोधायला सांगा. वळताना ते मूल कागदही फिरवते का हे पाहा. कागद न फिरवता आपणच डोके वाकडे करणारी मुले बरीच असतात. त्यांना आराखडा जमिनीवर ठेवून, दाराला दार जुळवून, त्याभोवती चालू द्या.

प्रश्न : पृथ्वीगोल आणि विजेरी घेऊन ऋतू समजावले. शेवटी विचारले तर मुले म्हणाली, "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते." प्रयोग नीट करूनही असे का?

प्रयोगाची मांडणीच बहुधा ही समजूत पक्की करते. पुस्तकांतील आकृतीत पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून दाखवलेली असते, म्हणून ती लांबट दिसते. खरी कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किमीवर, असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. आणि सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २१ लाख किमीवर, असते ती जुलैच्या सुरुवातीला. वर्गात १ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर हा फरक मधल्या अंतरापासून दोन्ही बाजूंना पावणेदोन सेंटिमीटर इतकाच भरतो. हे प्रत्यक्ष आखून दाखवा. शिवाय जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो आणि त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा. अंतर हे कारण असते तर दोन्हीकडे एकच ऋतू असता. हा एक प्रश्न मुलांपुढे ठेवला की त्यांची स्वतःची समजूत डळमळू लागते.

मांडणी अशी करा. विजेरी नको, कारण पृथ्वी फिरवली की ती वळवावी लागते आणि सूर्यच फिरतोय असे दिसते. खोली अंधारी करून मध्यभागी उघडा दिवा ठेवा, त्याची उंची पृथ्वीगोलाच्या मध्याएवढी. एलईडी दिव्याच्या बुडाकडे उजेड पडत नाही, म्हणून तो उभा बसवा, म्हणजे चारी बाजूंना सारखा प्रकाश मिळेल. एका भिंतीवर उंच जागी ध्रुवताऱ्याचे चित्र लावा. दिव्याभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावर चार जागा ठरवा. आता सर्वांत महत्त्वाचा नियम: गोल कुठल्याही जागी असो, त्याच्या आसाचे उत्तर टोक त्याच भिंतीकडे कललेले राहिले पाहिजे. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. गोल हातात घेऊन दिव्याभोवती चालताना आपले शरीर वळते, त्याबरोबर गोलही वळतो, आणि आस कायम दिव्याकडे कललेला राहतो. मग बारा महिने जूनच! म्हणून गोल स्टुलावर ठेवा आणि स्टूल न वळवता सरकवा.

गोल ताऱ्याच्या भिंतीपासून सर्वांत लांब असताना आस दिव्याकडे कलतो: ही २१ जूनची स्थिती. भिंतीच्या सर्वांत जवळ असताना आस दिव्यापासून दूर कलतो: ही २२ डिसेंबरची. मधल्या दोन जागा मार्च आणि सप्टेंबरच्या. वरून पाहिल्यास परिभ्रमण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, परिवलनही तसेच.

प्रत्येक जागी मुलांकडून मोजणी करून घ्या. गोलावर रेखावृत्ते १५ अंशांच्या अंतराने असतील, तर लागोपाठच्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे एक तास. ४५° उत्तर अक्षवृत्तावर उजेडात किती अंतरे येतात ते जूनच्या जागी आणि डिसेंबरच्या जागी मोजायचे. खरा दिवस जूनमध्ये साधारण साडेपंधरा तासांचा आणि डिसेंबरमध्ये साधारण पावणेनऊ तासांचा असतो. वर्गातली मोजणी एखाद्या तासाने कमी भरते, कारण दिवा जवळ असल्यामुळे गोलाचा अर्ध्यापेक्षा थोडा कमी भाग उजळतो. ही उणीव मुलांना सांगून टाका.

दिवसाची लांबी हे अर्धे कारण झाले. उरलेले अर्धे कारण किरणांच्या तिरपेपणात आहे, आणि विजेरी वापरायची ती इथे. चौकटींच्या कागदावर ती सरळ वरून धरा, उजेडाच्या गोलात किती चौकटी येतात ते मोजा. मग अंतर तेवढेच ठेवून तिरपी धरा. कागदाशी ३० अंशांचा कोन झाला की तोच उजेड जवळपास दुप्पट चौकटींवर पसरतो, प्रत्येक चौकटीच्या वाट्याला निम्मा येतो. आमच्या मते प्राथमिक वर्गात फक्त एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर तो हाच करावा. कललेल्या आसाची पूर्ण उकल वरच्या वर्गात झाली तरी चालते.

प्रश्न : जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. मुलांनी विचारले, खरे किती?

आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किमी, ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजार. म्हणजे आफ्रिका चौदा पट मोठी. तुमच्या भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या त्याच्या पद्धतीचा, आहे. मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला. त्यावर ओढलेल्या सरळ रेषेवर होकायंत्राचा कोन सगळीकडे सारखा राहतो, आणि त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात.

आकडे सांगून मुलांना पटत नाही. पृथ्वीगोलावर पारदर्शक पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवा, कापा आणि त्याच गोलावरच्या आफ्रिकेवर ठेवा. नंतर जुना रबरी चेंडू अर्धा कापून सपाट दाबायला द्या. कडा फाटल्याशिवाय तो सपाट होत नाही, आणि न फाडता करायचा तर ताणावा लागतो. नकाशा करणाऱ्यांची अडचण मुलांच्या हाताला कळते.

प्रश्न : ट्रेमध्ये वाळूवर पाणी सोडून नदी दाखवायचा प्रयत्न केला. पाणी वाळूतच मुरले. जास्त सोडले तर सरळ चर पडला.

वाळू कोरडी होती आणि उतार जास्त होता. ६० सेंमी बाय ४० सेंमीचा ट्रे घ्या, खालच्या कडेला पाणी बाहेर जायला भोक ठेवा. त्यात बारीक वाळूचा ५ सेंमी जाड थर द्या, पण खालचा पाव भाग रिकामा सोडा, तो समुद्र. वाळू आधी पूर्ण भिजवा आणि जादा पाणी निथळू द्या. वरची कड ५ ते ६ सेंमीच उचला. पाणी एका जागी, बारीक धारेने, लिटरभर पाणी तीन-चार मिनिटांत संपेल इतक्या हळू सोडा. धार थेट वाळूवर पडली तर खड्डा होतो, म्हणून खाली एक चपटा दगड ठेवा.

पहिली दहा मिनिटे मुलांना काही सांगू नका, एका जागी बोट ठेवून पाहायला लावा. वळणाच्या बाहेरच्या काठाची वाळू ढासळते आणि आतल्या काठाशी साचते. समुद्राशी पाणी मंदावते आणि वाळू पंख्यासारखी पसरते. खनन, वहन, संचयन हे तिन्ही शब्द हे पाहून झाल्यावर द्या. नुसती माती वापरू नका, पाणी गढूळ होऊन काहीच दिसत नाही. वेळ असेल तर एका काठावर गवताच्या मुळांसकट निघालेली ढेप बसवून दोन्ही काठांची धूप ताडून पाहावी.

प्रश्न : समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) प्राथमिकला शिकवाव्यात का?

शब्द नाही, कल्पना जरूर. पारदर्शक, सरळ बाजूंचा, १० सेंमी खोल डबा आणि त्याचे पारदर्शक झाकण घ्या. आत पाण्यात न विरघळणाऱ्या मळलेल्या रंगीत मातीचा ६ सेंमी उंच डोंगर करा: एक बाजू कडा, दुसरी सावकाश उतरणारी. १ सेंमी पाणी घाला, पाण्याच्या काठाने मातीवर काडीने रेघ ओढा. आणखी १ सेंमी, पुन्हा रेघ. असे पाच वेळा. पाणी काढून टाका, झाकण लावा आणि वरून पाहत या रेषा झाकणावर गिरवा. कड्याकडे रेषा दाटीने येतात, उताराकडे लांब लांब. गिरवताना एक डोळा मिटून दुसरा प्रत्येक रेषेच्या बरोबर वर न्यायचा. एका जागी बसून गिरवले की डोंगर एका बाजूला सरकलेला निघतो.

प्रश्न : दुसरीची मुले म्हणतात, "मी गावात राहतो, देशात नाही." किती समजावले तरी गोंधळ जात नाही.

हा गोंधळ त्या वयाचाच आहे. बालमानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरातल्या मुलांचा अभ्यास करून १९५१ मध्ये हेच मांडले होते: आपण जिनिव्हाचे आहोत म्हणून स्विस नाही, असे लहान मुले सांगत. एक जागा दुसरीच्या पोटात असते, ही समज वयाबरोबर येते. तिला हातभार लावता येतो, घाई करता येत नाही.

एकात एक मावणारे पाच डबे घ्या आणि त्यांवर घर, गाव, जिल्हा, राज्य, देश असे लिहा. सर्वांत आतल्या डब्यात मुलाने स्वतःची कागदी बाहुली ठेवायची. मोठा डबा उचलून विचारा: बाहुली या डब्यात आहे का? "नाही, ती लहान डब्यात आहे," असे म्हणणारी मुले निघतातच. त्यांना उत्तर सांगू नका; मोठा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायला सांगा आणि बाहुली कुठे गेली ते विचारा. नंतरचे काम नकाशांचे. गावाचा नकाशा आणि एकदम देशाचा नकाशा असे दाखवू नका. मधले नकाशे लावा आणि प्रत्येक नकाशात आधीच्या नकाशाचा प्रदेश एकाच रंगाने भरा. तो रंगीत ठिपका लहान होत जातो, आणि मुले त्याचा माग काढतात.

प्रश्न : दोन गटांच्या पर्जन्यमापकांत एकाच दिवशी चौपट फरक आला. कोणाचे खरे?

ज्याने रुंद नरसाळे अरुंद बाटलीवर बसवले, त्याचे चुकले. १० सेंमी व्यासाचे नरसाळे ५ सेंमी व्यासाच्या बाटलीत पाणी सोडत असेल, तर पाणी चौपट क्षेत्रावरचे गोळा होते आणि पातळी चौपट चढते. तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असली की मग व्यास कितीही असो, पातळी तीच येते. मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त पाऊस भरेल असे मुलांना हमखास वाटते, म्हणून वेगवेगळ्या रुंदीचे सरळ डबे शेजारी ठेवून ही गोष्ट पडताळून घ्या.

प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तोच उलटा खोवला की व्यास जुळतो. बूड उंचसखल असते, म्हणून त्यात खडे टाकून, सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही. मापक मोकळ्या जागी हवा, जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज एकाच वेळी वाचा आणि वाचून झाल्यावर पाणी शून्यावर आणा. मोठ्या मुलांना एक हिशेब द्या: १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मग शाळेच्या छतावर किती लिटर पडले ते त्यांचे त्यांनाच काढता येते.

प्रश्न : वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे. नकाशाच्या तासाला ती नुसती बसून असते.

तिच्यासाठी आराखड्याची सुरुवात खोक्यांपासून करा. वर्गाच्या आकाराच्या खोक्यात टेबल, बाके म्हणून लहान ठोकळे ठेवा आणि तिला आधी वर्गात चालवून, मग खोक्यात हात फिरवू द्या. त्यानंतर जाड पुठ्ठ्यावर उठावाचा नकाशा: सीमेसाठी सुतळी, नदीसाठी गुळगुळीत दोरा, डोंगरासाठी पॉलिश कागदाचा खरबरीत तुकडा, पाण्यासाठी गुळगुळीत प्लॅस्टिक. एका नकाशात चार-पाचपेक्षा जास्त पोत नकोत. दोन रेषांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. डोळ्यांच्या नकाशाची हुबेहूब उठाव प्रत करणे ही सर्वांत नेहमीची चूक. अर्धा तपशील गाळावाच लागतो. वरचा उजवा कोपरा कापून ठेवा, म्हणजे नकाशा कसा धरायचा हे ती स्वतः ठरवू शकेल. सूचीत त्याच पोतांचे तुकडे लावा, शेजारी ब्रेलमध्ये नाव. दोन्ही हातांनी आधी पूर्ण नकाशावरून एकदा फिरायला सांगा, बारकावे मग. हाच नकाशा बाकीच्या मुलांना डोळे मिटून वाचायला द्या. तिच्या बोटांचा सराव जास्त असल्याने त्या तासाला इतरांना शिकवायचे काम तिला मिळते.

प्रश्न : परीक्षेसाठी देश-राजधान्या, नद्या, पर्वत पाठ करून घ्यावेच लागतात. त्याला पर्याय आहे का?

नावे यायलाच हवीत, आम्ही पाठांतराच्या विरोधात नाही. मात्र यादी पाठ केली की नाव यादीतल्या आधीच्या नावाला चिकटते, जागेला नाही. कोरा नकाशा वापरा. एका वेळी पाचच नावे. मुलांनी आधी पुस्तक न पाहता अंदाजाने ठिपके द्यायचे, मग नकाशा उघडून दुसऱ्या रंगाने खरे ठिपके द्यायचे आणि दोन ठिपके रेषेने जोडायचे. चार दिवसांनी तीच पाच नावे पुन्हा, नव्या कोऱ्या नकाशावर. जोडरेषा आखूड झाली की नाही ते मूल स्वतः पट्टीने मोजते. गुणही त्या लांबीवर द्या.